आत्या, मी दुःखानं अन्न सोडलं नव्हतं

आत्या,

तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. गुरुजींनी पिंड ठेवला, लोक मागं सरकले न सरकले तोच एक कावळा बाभळीवरून खाली आला आणि घास घेऊन गेला. घाटावर जमलेल्या सगळ्यांनी सुस्कारा टाकला. "म्हातारीचं काय बी मागं राह्यलं नाय," असं कुणीतरी म्हणालं, आणि ताईंनी माझा हात धरून हुंदका दिला.

मी मात्र आठ दिवस वेगळ्याच तयारीत होते. कावळा अडून बसेल अशी मला खात्री होती. मग एकेक जण पुढं येईल, हे म्हणतील 'आई, ताईला अंतर देणार नाही', ताई म्हणतील 'आई, दादाशी भांडणार नाही', आणि तरी कावळा शिवणार नाही. शेवटी मला पुढं व्हावं लागेल, कारण तुमचं काय राहिलंय ते मला एकटीलाच ठाऊक होतं. त्या एका वाक्याची मी मनात जुळवाजुळव करत होते. आणि कावळा आला नि गेला. मला हायसं वाटलं. सासूच्या पिंडासमोर उभं राहून सुनेला हायसं वाटावं, तेही कशाचं, तर आता खरं बोलावं लागणार नाही याचं. लाज वाटली, नाही असं नाही. पण ती नंतर.

मग भाषणं सुरू झाली. दहाव्याची भाषणं तुम्हाला कधीच आवडली नाहीत. "मेलेल्या मानसाला उठून जाता येत नाय म्हनून ऐकून घेतंय," असं तुम्ही कुणाकुणाच्या दहाव्याहून आल्यावर म्हणायच्या. तुमच्याही वाट्याला पाच-सहा आलीच. एकानं तुमच्या कष्टांबद्दल सांगितलं, दुसऱ्यानं येऊ घातलेल्या निवडणुकीबद्दल. तिसरे उठले ते आपल्या आळीचे पुढारी. त्यांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि थेट माझ्याकडं हात केला.

"आजच्या काळात अशी सून दाखवा राव! सासूबाई गेल्यापासून या माउलीनं अन्नाला धड हात लावलेला नाही. दोन घास खाते आणि उठते. शेजारपाजारच्या बायका साक्षीला आहेत. लेक करणार नाही एवढं सुनेनं केलंय."

सगळा घाट माझ्याकडं वळून बघायला लागला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. लेक तिथंच उभी होती, तुमची, आणि तिच्यासमोर ते पुढारी असं बोलले. मी मान खाली घातली. लोकांना तोही माझा विनयच वाटला असणार.

आत्या, मी दोन घास खाऊन उठते कारण माझ्या पोटात तेवढंच मावतं. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या पोटाचा मोठा भाग कापून काढला, वजन उतरावं म्हणून. हे तुम्हाला, यांना आणि मला माहीत होतं, चौथ्या माणसाला नाही. तुम्ही जिवंत होतात तेव्हाही मी एवढंच जेवत होते. दुःख मला झालंय, फार झालंय. पण घास अडतो तो दुःखानं नाही. त्या माइकवर जे माझं कौतुक झालं ते एका ऑपरेशनचं कौतुक होतं, आणि मी ते डोक्यावर पदर घेऊन ऐकून घेतलं.

तुम्हाला आठवतं का, पहिल्यांदा ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? "धडधाकट पोट कापून टाकायचं? पोटानं काय घोडं मारलंय तुझं?" चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. माझं वजन तेव्हा एवढं होतं की घरातल्या काट्यावर आकडाच यायचा नाही. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. लसूण निवडता निवडता बसल्या जागी डोळा लागायचा. तुम्हाला वाटायचं, आळस आहे. मग एका दुपारी तुम्ही मला झोपेत बघितलंत. मी घोरत होते आणि मधेच घोरणं बंद व्हायचं, श्वासही बंद व्हायचा, आणि मग गुदमरल्यासारखी मी पुन्हा श्वास घ्यायचे. डॉक्टरांनी तेच तर सांगितलं होतं, पण तुमचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, डोळ्यांवर होता. त्या दिवसापासून मी दुपारी आडवी झाले की तुम्ही सुपात मटकी घेऊन शेजारी येऊन बसायच्या. मला वाटायचं निवडायला बसल्यात. श्वास थांबला की तुम्ही माझा पाय हलवायच्या. हे मला फार उशिरा कळलं, यांच्याकडून. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "कर बाई ते आपरेशन. पन माझ्या देखत कर."

ऑपरेशनच्या आधीही थोडं वजन उतरवून या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चाला म्हणाले. पुण्याच्या माणसाला चाला म्हणायला काय जातं? आपल्या मळ्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी ऊस आणि उसात बिबट्या. यांनी सांगितलं, अंगणात चक्कर मार. तुम्ही मात्र पितळेची थाळी आणि उलथनं घेऊन सकाळी दारात उभ्या. तुम्ही पुढं, थाळी वाजवत, मी मागं, धापा टाकत. मळ्यामळ्यातून लोक विचारायचे, "म्हातारे, कशाची मिरवनूक हाय?" एकदा मी घाबरून म्हटलं, आत्या, खरंच आला तर? तुम्ही मागं वळून मला वरपासून खालपर्यंत बघितलंत. "हिला बघून त्योच पळंल," असं उसाकडं तोंड करून म्हणालात. मी हसत हसत बांधावर बसले. दुसरं कुणी म्हणालं असतं तर घरी येऊन रडले असते. तुमच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं, आणि तुम्ही माझ्या अंगाला हसलात तरी मला कधी लागलं नाही, हे कसं काय ते अजून कळलेलं नाही.

शेवटचे पंधरा दिवस तर नुसतं पातळ. ताक, मुगाचं कढण, डाळीचं वरचं पाणी. डॉक्टर म्हणाले होते, त्यानं यकृत लहान होतं आणि ऑपरेशन सोपं जातं. तुम्ही ते पाणी इतकं निगुतीनं करायच्या की एकदा यांनीच वाटीभर मागून घेतलं. माझ्यासमोर जेवायला नको म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात पाठ करून भाकरी खायच्या. मला माहीत होतं. आणि वजन बघायला आपण कांदा साठवायच्या बराखीत जायचो, गोण्या मोजायच्या मोठ्या काट्यावर. मजूर यायच्या आत. मी काट्यावर चढायचे, तुम्ही दाराशी राखण करायच्या. आकडा उतरलेला दिसला की मी सांगायचे आणि तुम्ही म्हणायच्या, "वाळला की कांदाबी उतरतो. त्यात काय." पण घरात जाताना तुमची चाल बदललेली असायची.

दवाखान्यात आत न्यायच्या आधी मी तुमचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला. शपथ घाला, म्हटलं, कुणाला सांगणार नाही म्हणून. तुम्ही हात काढून घ्यायला बघत होतात. "मला खोटं बोलायला लावू नको, संगीता." मी म्हटलं, खोटं नका बोलू, फक्त बोलू नका. स्ट्रेचरवर पडलेल्या सुनेशी कोण हुज्जत घालणार? तुम्ही हात राहू दिलात.

मला एवढी कशाची लाज वाटत होती? आधी वजनाची वाटायची. मग वजन घालवायच्या वाटेची वाटायला लागली. मंचरकडच्या एका बाईनं हेच ऑपरेशन केलं तेव्हा आपल्या हौसाबाई आपल्याच ओट्यावर बसून म्हणाल्या होत्या, "खायचं सुटंना म्हनून पोट कापून घेतलं बया. तोंडाला कुलूप लावायचं व्हतं." सगळ्या हसल्या होत्या. मीही हसले होते, आणि माझ्या ऑपरेशनची तारीख तेव्हा ठरलेली होती. गुडघ्याची वाटी बदलली की लोक पेढे वाटतात, डोळ्यात भिंग बसवलं की गावभर सांगतात. पोटाचं मात्र सांगायचं नाही, कारण त्यात आपली खादाड जीभ निघते. त्या ओट्यावरचं हसणं मला दोन वर्षं पुरलं.

घरी आल्यावर तुमचे हाल माझ्याहून जास्त झाले. आयुष्यभर तुम्हाला माणसावर जीव लावायची एकच रीत माहीत होती, ताटात वाढायची. आणि सुनेला आता अर्धी वाटी कढण पुरायला लागलं. पहिले दिवस तुम्ही चमचा घेऊन समोर बसायच्या आणि मी मान हलवली की चमचा तसाच हवेत. "एक घे." नको. "आगं एवढासा." नको आत्या, ओकारी येईल. एकदा तुम्ही न राहवून शिऱ्याचा घास भरवलात. मला घाम फुटला, छातीत धडधड, डोळ्यापुढं अंधारी. तुम्ही वाटी मोरीत उलटी केलीत आणि त्यानंतर मला काही भरवलं नाहीत. पण भाकरी करताना माझ्यासाठी पुरीएवढी वेगळी थापायला लागलात. सुपारीएवढं पीठ बाजूला काढून ठेवायच्या, विसरायला नको म्हणून. केस गळायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, येतील. दंडाखाली कातडी लोंबायला लागली तेव्हा तुम्ही लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून आणलेत आणि एक शब्द काढला नाहीत. मी तुम्हाला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणत नाहीत, ही सबब चांगली आहे.

बायका विचारायला यायच्या, सुनेला काय झालं व्हतं? तुम्ही म्हणायच्या, पोटाचं आपरेशन. मग त्याच ठरवून टाकायच्या की गर्भाशय काढलं असणार, कारण आपल्याकडं चाळिशीच्या बाईचं दुसरं कुठलं ऑपरेशन होतं? प्रत्येकीला आपलं सांगायचं असायचं. तुम्ही हो म्हणायच्या नाहीत, नाही म्हणायच्या नाहीत, उठून चहा ठेवायच्या. दोन वर्षांत या प्रश्नावर आपल्या घरचं किती दूध गेलं असेल.

इथपर्यंत मी नुसती गप्प होते. पुढचं मात्र माझ्या तोंडानं केलं. वजन उतरत गेलं, ओळखीचे लोक रस्त्यात ओळखेनात, आणि महिला मंडळानं माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि माझा आधीचा आणि आताचा असा जोडफोटो, बॅनरवर. मला बोलायला सांगितलं. मी म्हणाले, गोड सोडलं, चालायला लागले, जिभेला आवर घातला. यातलं काही खोटं नव्हतं, म्हणून तर जोरात बोलता आलं. शेवटी म्हणाले, "मनावर घेतलं की सगळं होतं, मैत्रिणींनो." टाळ्या पडल्या. तुम्ही पहिल्या रांगेत होतात आणि तुमचे दोन्ही हात मांडीवर होते.

घरी आल्यावर मीच विचारलं, भाषण कसं झालं? तुम्ही चूल पुसत होतात.

"मन कंच्या दवाखान्यात कापून देत्यात गं?"

मी म्हटलं, टोमणे नका मारू.

"टोमना नाय. तू आधीबी मनावर घेतलं व्हतंस. वर्सानुवर्स घेतलं व्हतंस. उपाशी राहून न्हानीत पडलीस ती मी उचललीय तुला. तवा वजन उतरलं नाय. तवा काय तुझं मन नव्हतं? आज माइकवर उभी राहून तू त्या वाळलेल्या बायांस्नी सांगितलंस की तवाची तुझीच चूक व्हती. सोताच्या जिवाशी किती खोटं बोलशील?"

मला राग आला. राग आला की मी कशी बोलते ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, तुम्हाला काय कळणार, तुम्ही जन्मभर काडीसारख्या. तुम्ही पुसणं धुतलंत, वाळत घातलंत आणि झोपायला गेलात. ते भांडण आपण पुन्हा काढलं नाही, आणि मिटवलंही नाही.

त्या भाषणाचा व्हिडिओ घोडेगावला ताईंच्या फोनवर गेला. ताईंची साक्षी, तुमची एकुलती एक नात. बाविशीची पोरगी, हसरी, अंगानं भरलेली. स्थळं बघायला सुरुवात झालेली आणि दोन स्थळांनी मुलगी अंगानं जरा जास्त आहे असं कळवलेलं. ताईंनी माझा जोडफोटो फ्रिजवर चिकटवला. "मामीकडं बघ. मामीच्या वयाला जमतं, तुला जमंना?" साक्षीनं मनावर घेतलं. एक वेळ जेवायची. मग एक वेळही अर्धं. मला फोन करायची, "मामी, तुला किती दिवसांनी फरक दिसायला लागला? मला तर भूक जातच नाही गं. तुला भूक लागायची तेव्हा काय करायचीस?" आणि आत्या, मला भूक लागतच नव्हती. पोटाच्या ज्या भागातून भूक उठते तो काढला की भूक पुष्कळ कमी होते, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं. मी साक्षीला म्हणाले, "धीर धर. पाणी पी."

तुम्ही शेजारी होतात, फोन स्पीकरवर होता. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी फोन घेऊन अंगणात गेले.

तेव्हापासून तुम्ही एकच घोषा लावलात. "तिला सांग. माझं तोंड तू बांधलंयस, तुझं तर मोकळं हाय." मी म्हणायचे, सांगते. ताईंना कळलं की आळीला कळेल, आळीला कळलं की तो बॅनर, ती शाल, सगळं माझ्या तोंडावर येईल, हे मी तुम्हाला सांगत नव्हते, पण तुम्हाला कळत होतं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशीही आपण बराखीत सडके कांदे निवडत होतो.

"परवा साक्षी येनारे. किती वाळलीय पोरगी, फोटू बघितला. सांगशील?"

"सांगते म्हणाले ना."

"कवा?"

"आत्या, तुमचं आपलं एकच! दुसरं काही सुचतं का नाही?"

तुम्ही टोपली उचललीत आणि बाहेर गेलात. रात्री जेवणावर नेहमीसारख्या बोललात, पावसाचं, गाईचं. सकाळी ओट्यावर टेकलात त्या टेकलातच. म्हणजे माझं तुमच्याशी शेवटचं खरं बोलणं म्हणजे ते खेकसणं. त्याबद्दल तुम्हाला काय म्हणू? चुकले, म्हणते. ऐकायला तुम्ही नाही.

त्या दिवशी घरची चूल बंद, म्हणून आळीतून कडू घास आला, पिठलं आणि भाकरी. हौसाबाईंनी माझ्यासमोर ताट ठेवलं. ताटात अख्खी भाकरी होती, परातीएवढी. मी ती बघितली आणि मला रडू फुटलं, कारण या घरात आता माझी भाकरी वेगळी थापणारं कुणी राहिलं नव्हतं, आणि ती वेगळी का थापायची हेही कुणाला माहीत नव्हतं. ते रडणं खरं होतं, आत्या. ते तेवढं माझं धरा. मी दोन घास खाल्ले, पोट भरलं, ताट सरकवलं. हौसाबाई बाकीच्यांना म्हणाल्या, "उतरंना बिचारीला." मी हात धुवायला उठले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवी, कुणी आपल्या सुनेला माझा दाखला देई. मला ते बरं वाटायला लागलं होतं. तुमच्यावर खेकसलेली मी, आणि गाव म्हणत होतं अशी सून होणे नाही. नको म्हणवेना.

हे सगळं वाढत वाढत त्या माइकपर्यंत गेलं.

भाषणं संपली, घाटावरून सगळे घरी आले. मांडवात पंगती बसल्या. बायकांच्या पंगतीत साक्षी माझ्या शेजारी येऊन बसली. तुम्ही तिला पाहिलं असतंत तर कपाळ बडवून घेतलं असतंत. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, हाताची नखं पांढरी. तिनं ताटात पळीभर वरण आणि चार शितं घेतली. माझ्या ताटाकडं बघितलं, मी जेवढं घेतलं होतं त्याहूनही थोडं कमी केलं. मग माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाली,

"मामी, एक सांगू? आजी गेली त्या दिवशी मी जेवले. बेकरीची खारी खाल्ली, चहात बुडवून, सात-आठ. भूक आवरलीच नाही. तू सून असून अन्न सोडलंस आणि मी तिची सख्खी नात. मघाशी ते माइकवर बोलत होते ना, मला वाटलं जमीन फाटावी. माझं आजीवर प्रेमच नव्हतं का गं?"

बोलताना तिचा हात थरथरत होता. रडण्यानं नाही. पोटात काही नसल्यानं थरथरत होता. मला ती थरथर चांगली माहीत आहे.

आत्या, कावळ्यानं मला सोडलं होतं. गावानं मला डोक्यावर घेतलं होतं. त्या घटकेला गप्प बसले असते तर जन्मभर गप्प बसता आलं असतं. मी काही धैर्याची बाई नाही. पण आजवर नुसतं वजन ताडत होती, आता ही पोरगी तुमच्यावरची माया सुद्धा माझ्या ताटाशी ताडून बघत होती.

"साक्षी, मी अन्न सोडलेलं नाही," मी म्हणाले. हळू म्हणायचं होतं, पण आवाज मोठा निघाला. "माझ्या पोटात एवढंच मावतं. दोन वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं ते वजनाचं होतं. पोट कापून लहान केलंय माझं. उपासानं माझं वजन कधीच उतरलं नाही. मनावर घेऊन पण नाही. मला भूकच लागत नाही तुझ्यासारखी. तुझ्यात काही कमी नाही."

हौसाबाई वरणाची बादली घेऊन समोर उभ्या होत्या, त्यांची पळी तशीच राहिली. "म्हंजी मंचरच्या बाईवानी?" त्यांनी विचारलं.

"हो. तिच्यासारखंच."

पलीकडून ताई उठून आल्या. "आगं काय बोलती तू? आन् ते भाषान? त्यो फोटू माझ्या फ्रिजवर हाय!"

"काढून टाका ताई. आजच काढा. आणि तिला डॉक्टरकडं न्या, उपास बंद करा. मी येते बरोबर."

ताई मटकन खाली बसल्या. बायकांत कुजबुज सुरू झाली ती शेवटच्या पानापर्यंत गेली, मला ती जाताना ऐकू येत होती. घाटावर ज्या डोळ्यांना पदर लागले होते ते आता माझ्या पोटाकडं बघत होते. मी लांब बाह्या ओढून घेतल्या. पण मला त्या कुणाचं काही वाटत नव्हतं, मी साक्षीकडं बघत होते. ती ताटातली शितं बोटानं एकीकडं सारत होती.

"आजीला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"होतं."

"आणि तिनंपण मला सांगितलं नाही? मामी, मी तिला फोनवर रडून सांगितलं होतं, मला जमत नाही म्हणून. ती फक्त म्हणायची जेव गं बाई, जेव. मला वाटायचं म्हातारी आहे, तिला काय कळतंय."

हे मला माहीत नव्हतं. तुम्ही चोरून तिच्याशी बोलत होतात, आणि एवढं एकच बोलू शकत होतात.

"तिच्या तोंडाला मी कुलूप घातलं होतं. शपथ होती माझी, डोक्यावर हात ठेवून. ती रोज माझ्या मागं लागायची, साक्षीला सांग म्हणून. मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा. तिच्यावर राग धरू नको. धरायचा तर माझ्यावर धर."

"धरलाय," ती म्हणाली.

मग ती ताटासकट उठली आणि माझ्याकडं पाठ करून बसली. हौसाबाईंना हाक मारून तिनं भात मागितला. तो संपवून पुन्हा मागितला, आत्या, आणि त्यावर वरण घालून घेतलं.